जुनी बैलगाडी : तिची पारख व डागडुजी



ज्यांचें मूळ गांव फैजपूर, सावदा, यावल किंवा रावेर या टापूंत आहे, अशा पुष्कळ कुटुंबांच्या वाड्यांत गोठ्याच्या कडेला किंवा खळ्याच्या कोपऱ्यांत एखादी जुनी बैलगाडी अद्याप उभी असते. बैल केव्हांच विकले गेलेले असतात, शेतांतील माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून जातो, आणि वाटणीच्या किंवा वाड्याच्या पाडकामाच्या वेळीं "या गाडीचें काय करावयाचें?" असा प्रश्न निघतो. त्याचीं उत्तरें सामान्यतः तीन मिळतात. भंगारवाला लोखंड तोलून नेतो व लांकूड चुलींत जातें, हें पहिलें. एखादा उपाहारगृहवाला चाकें काढून नेतो व भिंतीवर टांगतो, हें दुसरें. घरांतील एखादा हौशी गृहस्थ तिच्यावर झगझगीत रंग चढवून ती अंगणांत मांडून ठेवतो, हें तिसरें. या तिहींहून निराळा असा चौथा मार्ग आहे. गाडी कोणत्या जातीची व कोणत्या काळची आहे हें आधीं नीट ओळखावें, आणि मग तिला सोसेल तेवढीच डागडुजी करावी. या मार्गाविषयीं आज चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

फैजपूरचें नांव घेतांच १९३६ च्या डिसेंबरांतील काँग्रेसचें अधिवेशन आठवतें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक मोटारींतून निघाली नाहीं. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनीं सजविलेल्या रथांतून ती निघाली, व त्या रथाला सहा बैलजोड्या जुंपल्या होत्या. त्या रथाची स्मृति ग्रंथांतून राहिली. परंतु याच मुलखांत कापूस, केळीं, धान्य आणि सागवान रोज वाहून नेणाऱ्या साध्या गाड्यांकडे कौतुकानें कोणी फारसें पाहिलें नाहीं.

वस्तुतः फैजपूर व गाडी यांचा संबंध त्या अधिवेशनाहून जुना आहे. इंग्रजी अमदानींतील गॅझेटिअरांत फैजपूरच्या दोन गोष्टी विशेषेंकरून सांगितल्या आहेत : येथील निळें व तांबडें रंगकाम, आणि येथील लांकडाचा आठवड्याचा बाजार. बऱ्हाणपूर सोडल्यास एवढा मोठा लांकूडबाजार खानदेशांत दुसरा नव्हता, असें ती नोंद म्हणते. सातपुडा पाठीशीं असल्यामुळें हें साहजिकच होतें. त्यामुळें या भागांतील जुनी गाडी म्हणजे सातपुड्याच्या लांकडांचा एक लहानसा संग्रहच असतो. साटीला साग, कारण तो हलका असून वाळवीला दाद देत नाहीं. चाकाच्या तुंब्याला बाभूळ, कारण ती सहसा उकलत नाहीं. आरे व पुठे यांना तिवस किंवा बाभूळ. दांड्यांना व जुन्या लांकडी आंसाला लवचिक धावडा. आणि जेथें भार व घर्षण दोन्ही मोठीं तेथें कधीं कधीं पाण्यांत बुडणारें, लोखंडासारखें जड अंजनाचें लांकूड. कोणता तुकडा कोठें घालावा हें ज्ञान सुताराच्या हातांत होतें. पुस्तकांत तें क्वचितच उतरलें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपली बैलगाडी अनादि काळापासून जशीच्या तशी चालत आली आहे, असें आपण सहज म्हणून जातों. तें खरें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दख्खनमध्यें सामान्य शेतकऱ्याजवळ जी गाडी असे, ती भरीव चाकांची, अवजड व पुष्कळ बैलांनीं ओढावयाची असे. १८३६ च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें लेफ्टनंट गेसफर्ड या पाहणीखात्याच्या अधिकाऱ्यानें सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला, आणि दोन बैलांनीं ओढावयाची हलकी गाडी हळूहळू सर्वत्र पसरली. पुढें १८६० नंतरच्या दशकांत लोहमार्ग भुसावळपर्यंत आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला. आणि शेतापासून स्थानकापर्यंत माल नेणारी गाडी ही शेतकऱ्याची पहिली गरज झाली. तात्पर्य, जिला आपण पुरातन समजतों ती गाडी रस्ता, रेल्वे व बाजार यांच्याबरोबर वाढलेली आहे, व त्या प्रत्येकाची खूण तिच्या अंगावर सांपडते.

आतां या खुणा कशा वाचाव्या तें पाहूं. प्रथम जात ओळखावी. लांबट साटीची, उघडी, जड चाकांची ती मालाची गाडी. लहान व आंखूड तो छकडा. माणसांना बसण्यासाठीं केलेली, वर छत असलेली ती दमणी. दमणीचे आरे बहुधा नाजूक व कांतीव असतात. मालाच्या गाडीचे आरे चौकोनी व ओबडधोबड असतात.

नंतर आंस पाहावा. संपूर्ण लांकडी आंस असून त्याच्या दोन टोकांना लोखंडी खुंट बसविलेले असले, तर घडण जुन्या पद्धतीची समजावी. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकसंध लोखंडी आंस असला, तर ती त्यानंतरची पद्धति. आंसाजवळ वंगणाचें नळकांडें टांगण्याची कडी राहिली आहे काय, तेंही पाहावें. नळकांडें हरवतें, पण कडी बहुधा राहते.

तिसरी खूण लोखंडाची. हातानें घडविलेला खिळा चौकोनी व टोकाकडे निमुळता असतो. कारखान्यांत तारेपासून केलेला खिळा गोल असतो. चाकाच्या धांवेचा जोड तर सर्वांत बोलका. लोहारानें भट्टींत तापवून दोन टोकें एकमेकांवर ठोकून एकजीव केलीं असतील, तर जोडाच्या जागीं पट्टी किंचित् रुंद किंवा जाड लागते व तिरपी पुसट रेघ दिसते. तेथें वितळलेल्या धातूची उंचवट्यासारखी ओळ दिसली, तर तें विजेच्या सांधणीचें, म्हणजे अलीकडचें काम.

चौथी खूण लांकडाच्या पृष्ठभागाची. साटीच्या फळ्या खालून पाहाव्या, कारण वरची बाजू मालानें घासून गेलेली असते. दोन माणसांनीं ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त अंतरावर असतात. यंत्रावरील गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतात. आणि वाकसानें तासलेल्या लांकडावर लहान लहान खोलगट खपल्या दिसतात.

परंतु एवढ्यावरून घाईनें निकाल देऊं नये. गाडीला एकच वय नसतें. आजोबांच्या काळचा तुंबा, वडिलांनीं बदललेले आरे आणि काकांनीं बसविलेली धांव, असा तिचा संसार असतो. म्हणून "ही गाडी इतक्या वर्षांची" असें न म्हणतां, प्रत्येक भागाची वेगळी नोंद करावी. छायाचित्रें घ्यावीं, भागांना खडूनें क्रमांक द्यावे, आणि घरांतील वृद्धांना विचारून कोणती दुरुस्ती केव्हां झाली तें वहींत लिहून ठेवावें. ही वही पुढें गाडीइतकीच मोलाची ठरेल.

याच न्यायानें रबरी टायरच्या गाडीकडेही तुच्छतेनें पाहूं नये. हवेच्या टायरची बैलगाडी आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकांत येऊं लागली. म्हणजे तिचीही आतां तिसरी-चौथी पिढी आहे. पुढें ट्रॅक्टर आल्यावर गांवोगांवच्या कारखान्यांत जुन्या मालमोटारींचे आंस व कमानी घालून ट्रॉल्या तयार झाल्या. अशा ट्रॉलीवर करणाराची पट्टी क्वचितच सांपडते. तिची ओळख चाकाच्या तुंब्यावरील ओतीव अक्षरांवरून, बोल्टांच्या संख्येवरून व कमानीच्या पात्यांवरून करावी लागते. आणि आंस एका काळचा व साटा दुसऱ्या काळचा निघाला, तर त्यांत फसवणूक न मानतां तीच त्या ट्रॉलीची खरी वंशावळ समजावी.

आतां डागडुजीकडे वळूं. गाडीचें मर्म चाकांत आहे. सामान्य चाकाला सहा पुठे व बारा आरे असतात, म्हणजे प्रत्येक पुठ्यांत दोन आरे शिरतात. हे सर्व तुकडे खिळ्यांनीं धरलेले नसतात. त्यांना धांव आवळून धरते. लोखंडी धांव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान करतात, गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटींत लाल होईपर्यंत तापवितात, चाकावर ठोकून बसवितात व लगेच पाणी ओततात. साडेचार फूट व्यासाच्या धांवेचा घेर सुमारें १७० इंच भरतो. सहाशें अंश तापविल्यास तो सव्वा इंचाच्या आसपास वाढतो, आणि थंड होतांना तेवढाच आक्रसून सर्व सांधे आंत दाबतो. माप चुकून धांव फार लहान झाली, तर आरे वांकतात. मोठी झाली, तर चाक खडखडतें. या मापाचा अंदाज सुतार व लोहार मिळून करीत, व तो दोघांच्याही अनुभवाची कसोटी असे.

उन्हाळ्यांत लांकूड सुकलें कीं धांव सैल होते. तेव्हां चाक ओढ्यांत किंवा हौदांत बुडवून ठेवण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. एका खेपेपुरता तो उपाय ठीक. पण तो औषध नव्हे. फुगलेलें लांकूड लोखंडाच्या पकडींत चेपतें, त्याचे तंतु दबतात, व पुन्हां सुकल्यावर तें पूर्वीपेक्षां अधिक आक्रसतें. दरवर्षीं भिजवलेलें चाक दरवर्षीं अधिक सैल होतें. खरा उपाय म्हणजे धांव काढून, तिचा थोडा तुकडा कापून, पुन्हां जोडून ती तापवून चढविणें.

आपणांस गाडी चालवावयाची आहे कीं केवळ जपून ठेवावयाची आहे, हें येथें स्पष्ट ठरविलें पाहिजे. कारण दोहोंचे नियम भिन्न आहेत. खानदेशांत आखाजीला किंवा खंडेरावाच्या यात्रेंत बारागाड्या ओढण्याची प्रथा आहे. एकामागें एक बांधलेल्या बारा गाड्या, त्यांत बसलेलीं माणसें, आणि दोहों बाजूंस दाटलेली गर्दी, असा तो प्रसंग. वडिलार्जित गाडी अशा दिवशीं मागितली गेली, तर अभिमानानें ती देण्यापूर्वीं चाक उचलून फिरवून पाहावें. आऱ्यावर लांकडी हातोडीनें हळूच ठोकावें : भक्कम आरा टणक वाजतो, किडलेला बद्द वाजतो. आंसाच्या टोकाची खीळ झिजली आहे काय तें पाहावें. एक आरा जरी बद्द वाजला, तरी ती गाडी मिरवणुकींत देऊं नये. तेथें जुन्या लांकडाची माया धरणें म्हणजे लेंकरांच्या जिवाशीं खेळणें होय. चालत्या गाडीचा किडका भाग बदललाच पाहिजे, आणि तो त्याच जातीच्या, पुरत्या वाळलेल्या लांकडाचा असला पाहिजे. साग हवा असल्यास जुन्या घरांच्या पाडकामांतून मिळणारा उत्तम, कारण तो पुरा वाळलेला असतो. काढलेला जुना तुकडा मात्र फेंकूं नये. क्रमांक घालून माळ्यावर ठेवावा, म्हणजे पुढच्या सुताराला नमुना राहील.

जी गाडी नुसती जपावयाची आहे, तिला याच्या उलट नियम. तेथें शक्य तितकें कमी करावें. यंत्राच्या घासकागदानें लांकूड पांढरें करूं नये. वाकसाच्या खुणा, दोराचे काच, जुवावरील मानेची झीज, हेंच तर तिचें चरित्र आहे. धूळ मऊ कुंच्यानें काढावी. सुकलेल्या लांकडाला जवसाचें तेल पातळ हातानें द्यावें. लोखंडावरील सुटा गंज काढून तेलाचें बोट फिरवावें. आंसाला एरंडेलाचें वंगण द्यावें. गाडी उघड्या जमिनीवर उभी करूं नये. आंसाखालीं दोन्ही बाजूंस दगडी ठोकळे देऊन चाकें जमिनीपासून बोटभर उचलावीं, म्हणजे वाळवीची वाट तुटते आणि एकाच आऱ्यावर वर्षानुवर्षें भार राहत नाहीं. वर छप्पर हवें. पण चोहोंकडून बंदिस्त खोली नको, कारण कोंडलेली ओल लांकडाला उन्हापेक्षां अधिक घातक असते.

शेवटीं एक विनंति. गाडी आणखी कांहीं वर्षें तग धरील, परंतु धांव चढविणारा लोहार व पुठा जोडणारा सुतार यांची संख्या झपाट्यानें कमी होत आहे, आणि त्यांची मुलें हा धंदा क्वचितच करतात. आपल्या गांवीं असा एखादा वृद्ध कारागीर असेल, तर येत्या सुटींत त्याला मानानें घरीं बोलवावें, गाडीजवळ बसवावें, आणि योग्य मेहनताना देऊन निदान एक चाक त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावें. घरांतील मुलांनीं जवळ बसून तो काय करतो, कोणत्या भागाला काय म्हणतो, कोठें थांबून विचार करतो, तें लिहून घ्यावें. तो गेल्यावर चाक कसें फिरतें, कोणता आरा नवा व कोणता जुना, धांवेचा कितवा जोड, हें त्याच वहींत तारखेसह नोंदवावें, आणि वही गाडीच्या कागदांबरोबर न ठेवतां घरांतील दस्तऐवजांच्या पेटींत ठेवावी.