माजघरात कोणाला येऊ द्यायचे?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयासाठी एखाद्या संगणक अभियंत्याला पाचारण करावयास हवे होते, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मी कलाशाखेचा पदवीधर. मोबाईलच्या पोटात काय चालते हे मी सांगू शकणार नाही. परंतु वृत्तपत्रात इतकी वर्षे काढल्यानंतर एक बदल मात्र डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्वी गुन्हेवृत्ताच्या पानावर घरफोडी, पाकीटमारी, सोनसाखळीची चोरी असे. आज त्या पानावर ज्याची बातमी येते तो माणूस बहुधा स्वतःच्या घरात बसलेला असतो, दाराला आतून कडी असते, आणि तरीही त्याची आयुष्यभराची पुंजी गेलेली असते. प्रश्न तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही, तो गृहस्थांचा झाला आहे. म्हणून एका गृहस्थाने तो मांडला तर बिघडत नाही.

या विषयाला हात घातला की पहिले वाक्य ठरलेले असते. 'आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?' हे वाक्य मी निवृत्त अधिकाऱ्यांकडून ऐकले आहे, गृहिणींकडून ऐकले आहे, आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांकडून तर नित्य ऐकतो. वाक्य प्रामाणिक आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे. जो खासगीपण जपतो त्याच्या मनात काही पाप असते, असे ते गृहीतक.

आपले जुने घर आठवून पाहा. वाटसरू ओट्यावर टेकत असे. कामाने आलेला ओसरीवर बसे. सोयरा असेल तर माजघरात येई. देवघर आणि कोठीची खोली याहून आत. आपल्या आजीच्या माजघरात काही चोरीचा माल ठेवलेला नसे, तरीही तेथे वाटेल त्याला प्रवेश नव्हता. पत्रव्यवहाराचेही तसेच. खुशाली पोस्टकार्डावर जाई, पण मुलीच्या सोयरिकीची बोलणी आंतर्देशीय पत्रावर, कडा नीट चिकटवून. कोणी कुठपर्यंत यावे हे घरच्यांनी ठरवायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे खासगीपणा ही पाश्चात्त्यांची आयात केलेली कल्पना आहे असे कोणी म्हणू लागले की मला नवल वाटते. तसे म्हणणाऱ्याने वाड्याची रचना कधी लक्षपूर्वक पाहिलेली नसावी.

न्यायालयाला मात्र हे सांगावयास बराच काळ लागला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यानंतर, २०१२ साली, आधार योजनेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असे सूचित करणारे १९५४ आणि १९६२ चे जुने निर्णय आड येत होते. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमुखाने निर्वाळा दिला की, संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच खासगीपणाचा हक्क अंतर्भूत आहे. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने आधार योजना बहुमताने वैध ठरविली, पण बँक खाते आणि मोबाईल जोडणी यांच्याशी आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. म्हणजे योजना राहिली, तिच्याभोवती कुंपणही आले. मला हा निर्णय समतोल वाटतो.

निर्णय झाला, पण आपल्या सवयी बदलल्या का? दुकानात बिल करताना काउंटरवरचा मुलगा मान वर न करता विचारतो, 'मोबाईल नंबर?' आणि आपण दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवतो, तेही मागे रांगेत चार अनोळखी माणसे उभी असताना. अंगाचा साबण विकत घेण्यासाठी मोबाईल क्रमांक कशाला लागतो? ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना सूचित केले की, क्रमांक दिल्याशिवाय वस्तू देणार नाही अशी अट घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'देत नाही' एवढे दोन शब्द म्हणण्याचा आपल्याला संकोच वाटतो. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण येथे मात्र कमालीचे उदार होतो.

आधार कार्डाच्या झेरॉक्सचेही तेच. हॉटेलच्या काउंटरवर, भाडेकराराच्या एजंटाकडे, व्यायामशाळेत, जेथे मागतील तेथे आपण प्रत देऊन मोकळे होतो. ज्या प्रतीवर शेवटचे चारच आकडे दिसतात असे आच्छादित आधार कार्ड प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. आपले अंगठ्याचे ठसे वापरले जाऊ नयेत म्हणून ते तेथूनच कुलूपबंदही करता येतात. किती जणांनी केले आहेत, हात वर करा असे मी म्हणणार नाही.

मोबाईलमधील ॲप्सची कथा तर याहून सुरस आहे. अमेरिकेत २०१३ साली एका विजेरीच्या ॲपवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. काम काय, तर फोनचा दिवा लावणे. पण ते ॲप वापरणारा माणूस कोठे आहे याची माहिती जाहिरात कंपन्यांना पुरवत होते. 'नको' म्हणण्याचा पर्याय दिसत होता, परंतु माणसाने काही निवडण्यापूर्वीच माहिती रवाना झालेली असे. काळोखात जिना उतरण्यासाठी कोट्यवधी लोकांनी ती विजेरी उतरवून घेतली होती. दिवा लावणाऱ्याला आपला पत्ता कशाला हवा, हा प्रश्न कोणत्याही ॲपला विचारण्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. ही बारीकसारीक गळती आणि घरातली पुंजी जाणे यांचा संबंध काय? डिजिटल अरेस्ट नावाने जी फसवणूक गेल्या काही वर्षांत फोफावली, तिच्याकडे पाहिले की संबंध स्पष्ट होतो. फोन येतो. बोलणारा सांगतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, किंवा तुमच्या आधारावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे. ऐकणारा आधी हसतो. मग समोरचा त्याचे पूर्ण नाव, पत्ता, आधारचे आकडे, बँकेचे नाव अचूक वाचून दाखवतो. येथे माणूस मोडतो. 'याला हे सगळे ठाऊक आहे, म्हणजे हा सरकारी माणूसच असला पाहिजे.' काउंटरवर, झेरॉक्सच्या दुकानात आणि त्या विजेरीपाशी आपण जे कण कण सांडले, त्यांतूनच या भामट्याचा गणवेश शिवलेला असतो. त्यानंतर व्हिडिओ कॉल, पाठीमागे पोलीस ठाण्याचा देखावा, बनावट शिक्क्यांचे आदेश. कॅमेरा बंद करायचा नाही, खोली सोडायची नाही आणि कोणालाही सांगायचे नाही. शेवटी, पैसे 'तपासणीसाठी' अमुक खात्यात वळते करा.

अशिक्षित आणि भोळेच फसतात, असे समजू नका. २०२४ मध्ये पंजाबातील एका मोठ्या वस्त्रोद्योग समूहाच्या प्रमुखांना सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी व्हिडिओवर दाखवून सात कोटी रुपयांना लुटण्यात आले. अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याचे एक कोटीहून अधिक रुपये न्यायालयाच्या खोट्या आदेशांच्या आधारे गेले. त्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि डिसेंबरमध्ये या गुन्ह्यांचा देशभरातील तपास सीबीआयकडे सोपविला. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हाच विषय घेऊन थांबा, विचार करा, कृती करा, असा क्रम सांगितला होता.

कायद्याचे एक कलम घरोघरी सांगण्यासारखे आहे. खऱ्या अटकेत पोलिसांना अटकेचे कारण सांगावे लागते, नातेवाइकांना कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. म्हणजे कायदा म्हणतो, घरच्यांना सांगा. भामटा म्हणतो, घरच्यांना सांगू नका. एवढ्या एका वाक्यावरून खरेखोटे ओळखता येते. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही.

याला आणखी एक करुण बाजू आहे. असे फोन करणाऱ्यांतील काही जण स्वतःच कैदी असतात. नोकरीच्या आमिषाने आपल्या तरुणांना आग्नेय आशियात नेऊन म्यानमार-थायलंड सीमेवरील अड्ड्यांत कोंडले गेले. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी तेथून ५४९ भारतीयांना परत आणले. परदेशातील 'डेटा एंट्री'च्या नोकरीची जाहिरात आपल्या परिचयातील मुलाकडे आली, तर हा आकडा त्याला जरूर सांगा.

काही जण म्हणतात, दोष कंपन्यांचा. काही म्हणतात, सरकारचा. व्हॉट्सॲपने २०२१ साली 'मान्य करा, अन्यथा वापर सोडा' अशा थाटाचे धोरण आणले, त्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. दुसरीकडे दूरसंचार विभागाने 'संचार साथी' हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालण्याचा आदेश काढला आणि टीका होताच डिसेंबर २०२५ च्या आरंभी ती सक्ती मागे घेतली. ॲप उपयुक्त आहे. आपल्या नावावर किती सिम कार्डे चालू आहेत हे त्यातून कळते, हरवलेला फोन बंद करता येतो. मी स्वतः ते वापरावे असेच सांगेन. पण चांगला पाहुणाही बोलावल्यावर यावा, हे तत्त्व सरकारलाही लागू आहे. सक्ती मागे घेतली गेली हे योग्यच झाले.

फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे तासा-दोन तासांत अनेक खात्यांतून पुढे सरकतात, जेवढ्या लवकर तक्रार तेवढी रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घातले की, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर तोटा ग्राहकावर पडत नाही. ओटीपी आपणच वाचून दाखविला असेल, तर कळविण्यापूर्वीचा तोटा आपला. आणि यूपीआयचा पिन पैसे पाठविण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. हे तर घरातील ज्येष्ठांना आजच सांगा.

आता थोडे आपल्या कार्यकर्त्यांसाठी. आपण घरोघरी संपर्काला जातो. रक्तदात्यांच्या, सहलीच्या, वर्गाच्या याद्या करतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट, फोन, आणि ती यादी दीडशे जणांच्या गटावर टाकून निर्धास्त होतो. त्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवून माहिती दिली, त्या दीडशे जणांवर नव्हे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मोठ्या तरतुदींच्या अंमलासाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे आणि दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. आपल्या छोट्या यादीवर कोणी एवढा दंड बसविणार नाही. पण काम संपल्यावर यादी पुसून टाकायला कायद्याची वाट कशाला पाहायची? पुढच्या शिबिराच्या अर्जावर जन्मतारखेचा रकाना खरोखर हवा आहे का, हे या आठवड्याच्या बैठकीतच ठरवता येईल.

माझी वेळ झाल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे. चिठ्ठ्यांवर बरेच प्रश्न आलेले दिसतात. पहिला प्रश्न मुलांना फोन कोणत्या वयात द्यावा असा आहे, तो आता घेऊ.