हिरवा कुठला, लाल कुठला? लिनक्सच्या स्क्रीनसेव्हरचे रंग बदलताना

लोकलमध्ये उभ्याने ऐकताय की घरी चहा घेत, काही हरकत नाही. आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, "स्क्रीनसेव्हर? आता कोण लावतं?" लावतात हो. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेले जुने डेस्कटॉप गिरगाव, लालबागच्या घराघरात अजून चालू आहेत. विंडोज जड व्हायला लागलं की त्यावर लिनक्स टाकायचं, मशीन पुन्हा पळायला लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन् तास राहिलं, तर आतला फॉस्फरचा थर तेवढ्याच जागी झिजायचा आणि चित्राचा डाग कायमचा बसायचा. म्हणून हलतं चित्र दाखवायची युक्ती निघाली. लिनक्सवरचा सगळ्यात प्रसिद्ध संग्रह म्हणजे एक्सस्क्रीनसेव्हर. जेमी झविन्स्की या प्रोग्रामरने तो 1992 मध्ये पहिल्यांदा बाहेर काढला. हाच माणूस पुढे नेटस्केप ब्राउझरच्या सुरुवातीच्या टीममध्ये होता. आज त्या संग्रहात दोनशेहून जास्त स्क्रीनसेव्हर आहेत. 2011 मध्ये ग्नोम 3 आलं आणि त्या डेस्कटॉपने स्क्रीनसेव्हर काढूनच टाकले, पण एक्सएफसीईसारख्या हलक्या डेस्कटॉपवर हा संग्रह आजही छान चालतो.

आता मुद्द्यावर येतो. या संग्रहात 'मेझ' नावाचा स्क्रीनसेव्हर आहे. मेझ म्हणजे भूलभुलैया. कॉम्प्युटर स्वतःच भूलभुलैया काढतो आणि स्वतःच सोडवतो. चालू वाट हिरवी दिसते. वाट चुकली, पुढे भिंत आली, की मागे फिरताना ती वाट गडद लाल होते. सगळी मजा त्या दोन रंगांत आहे.

माझे मामा परळला राहतात. त्यांना हा मेझ बघायला फार आवडायचं, पण एक दिवस म्हणाले, "अरे, हा मागे कधी फिरतो तेच कळत नाही. सगळी एकच वाट वाटते मला." मामांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. तरुणपणी शिवाजी पार्कात फिल्डिंग करताना गवतात पडलेला लाल चेंडू त्यांना सापडायचा नाही. पोरं हसायची. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायला सांगितले, तेव्हा कारण कळलं. ती इशिहारा चाचणी. जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी ती 1917 मध्ये प्रसिद्ध केली.

हे दुर्मीळ नाही बरं का. लाल-हिरवा ओळखणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषांकडे एक्स एकच, त्यामुळे त्यांच्यात हा प्रकार स्त्रियांपेक्षा खूप जास्त आढळतो. अशा माणसाला जग काळं-पांढरं दिसतं हा गैरसमज आहे. बहुतेकांना पिवळा आणि निळा व्यवस्थित वेगळे दिसतात. घोटाळा होतो तो लाल, हिरवा, तपकिरी यांच्यात.

म्हणून मामांच्या मशीनवर आम्ही रंगच बदलले. कसे, ते सांगतो.

पहिलं, टर्मिनल उघडून 'सुडो आप्ट इन्स्टॉल एक्सस्क्रीनसेव्हर'. हे डेबियन, उबुंटू, मिंट यांच्यासाठी. डेस्कटॉपचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर दोघांची मारामारी होते. आणि लॉगिन करताना एक्स-इलेव्हनचं सेशन निवडा.

दुसरं, एक्सस्क्रीनसेव्हरची सेटिंग्ज उघडा, यादीतून मेझ निवडा, 'सेटिंग्ज' दाबा. इथे वेग आणि चौकटीचा आकार बदलता येतो, पण रंग दिसणार नाहीत. निराश होऊ नका. 'ॲडव्हान्स्ड' दाबा. एका ओळीची कमांड दिसेल.

तिसरं, त्या ओळीच्या शेवटी जागा सोडून लिहा: मायनस, लाईव्ह, हायफन, कलर, मग जागा, मग येलो. पुन्हा जागा, आणि मायनस, डेड, हायफन, कलर, जागा, डॉजरब्लू. सगळं इंग्रजीत, लहान लिपीत. सुरुवातीचे मायनस एक की दोन, असा प्रश्न पडेल. त्याच ओळीत आधीच्या पर्यायांपुढे जितके दिसतात तितकेच द्या. 'लाईव्ह' म्हणजे चालू वाट, 'डेड' म्हणजे फसलेली वाट. डॉजरब्लू हे एक्सच्या रंगयादीतलं नाव आहे, उजळ निळा. साधा ब्लू काळ्यावर फार गडद पडतो. तसाच एक 'स्किप कलर'ही आहे, तो मूळचा तपकिरी. तो पांढरा करा.

आता प्रिव्ह्यू बघा. पिवळी वाट पुढे जाते, निळी मागे राहते. बस, झालं! ही सगळी निवड तुमच्या होम फोल्डरमधल्या एका लपवलेल्या फाईलमध्ये साठते. नाव डॉट एक्सस्क्रीनसेव्हर. हाताने बदलणार असाल तर आधी कॉपी काढून ठेवा.

आपले रंग बरोबर आहेत का, हे तपासायचं कसं? फोन काढा. स्क्रीनचा फोटो घ्या आणि एडिटमध्ये जाऊन काळा-पांढरा करा. दोन्ही वाटा एकाच राखाडी छटेत दिसल्या तर त्यांच्या उजेडात फरक नाही, रंग बदला. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'सिम्युलेट कलर स्पेस' असतं. ते लावलं की अशा माणसाला स्क्रीन साधारण कशी दिसते याचा अंदाज येतो.

यात शिकण्यासारखं काय? रंगावर सगळा भार टाकायचा नाही. सिग्नल बघा ना. लाल नेहमी वर, हिरवा खाली, त्यामुळे रंग कळला नाही तरी जागेवरून कळतं. 2020 मध्ये दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलवर साडीतली नव्हे, पण फ्रॉकमधली बाईची आकृती आली. उभी की चालणारी, हे आकारावरून समजतं. मेट्रोचंही तसंच. गिरगाव आणि दादरखालून जाणाऱ्या लाईनला 'ॲक्वा' हा रंग आहे आणि 3 हा आकडाही आहे. रंग हुकला तरी आकडा सापडतो.

आपण मात्र सोसायटीच्या वर्गणीच्या एक्सेल शीटमध्ये भरले ते हिरवे, राहिले ते लाल असं करून मोकळे होतो. शेजारी 'भरले', 'बाकी' एवढं लिहायला काय जातं? ज्याला फरक दिसत नाही तो बहुतेक वेळा गप्प बसतो, कारण लहानपणी हसलेली पोरं त्याच्या लक्षात असतात.

मेझ लिहिणाऱ्यांनी हिरवा-लाल निवडला, पण बदलायची जागाही ठेवली. मुक्त सॉफ्टवेअरची मला आवडणारी गोष्ट हीच. रंग पटला नाही तर कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही.

या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या, कट्ट्यावरच्या मंडळींना सहज विचारा, "तुला हे दोन रंग वेगळे दिसतात का?" हसू मात्र नका. कोणी "नाही" म्हणालं, तर तुमच्या स्लाईड, तुमचे तक्ते, तुमचा स्क्रीनसेव्हर त्याच्या डोळ्यांनी एकदा बघा. आणि कुठले रंग जमले ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!