कावळा आला नाही, त्याचं काय?

सज्जनहो, शास्त्रकारांनी एक न्याय सांगितला आहे, काकतालीय न्याय. ताडाच्या झाडावर कावळा येऊन बसला आणि त्याच क्षणी ताडफळ खाली पडलं. कावळ्याच्या वजनानं का ताडफळ पडतं? ते पिकलं होतं, पडणारच होतं. पाहणाऱ्याला वाटतं, कावळ्यानंच पाडलं. आपण साध्या बोलीत म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.

आता घरचं बघा. धाब्यावर कावळा ओरडला की माय म्हणते, आज पाहुणा येणार. आणि एखाद्या दिवशी खरंच भुसावळकडून मामा येऊन उभा राहतो! मग ती गोष्ट वर्षभर सांगितली जाते. बरं, कावळा तर 365 दिवस ओरडतो. पाहुणा न आलेले दिवस कोणी मोजले? जुळलं तेवढं लक्षात राहतं, बाकीचं वाऱ्यावर जातं. यात वाईट काही नाही. माय दोन भाकरी जास्त टाकते, एवढंच.

वाईट कुठे होतं ते सांगतो. तापीकाठी दहाव्याला मी पुष्कळदा बसलो आहे. पिंड मांडलेला, ऊन चढतंय, आणि कावळा शिवत नाही. कुजबुज सुरू होते, म्हाताऱ्याची इच्छा राहिली. मग एकेक जण पुढे येतो, हात जोडून सांगतो, नातीचं लग्न करू, वाटणीवरून भांडणार नाही. इथवर ठीक आहे. अशा वेळी अबोला धरलेले भाऊ बोलायला लागलेलेही मी पाहिले आहेत. पण आणखी अर्धा तास गेला की कोणाची तरी जीभ सैल सुटते. वैशाखात एका गावी असंच झालं. "कावया उना नही, कावया उना नही" म्हणत बायका सुनेकडेच बघायला लागल्या. शेवटी शेवटी हिनं हाल केले असतील, अशी त्यांची नजर. अहो, त्या पोरीनं अंथरुणावरच्या सासऱ्याचं तीन वर्षं सगळं केलं होतं! तोंडात पदर धरून उभी होती. मी गुरुजींना म्हटलं, दर्भाचा कावळा करा. केला, पिंडाला लावला, विधी पूर्ण झाला. विचार करा, कावळा न येणं हा मेलेल्या माणसाचा निकाल असता, तर परंपरेनं ही दर्भाची सोय ठेवली असती का? भर उन्हात कावळाही सावली धरतो. त्याला तुमच्या घरातलं काय ठाऊक?

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी बघा, 1880चा जन्म. तरुणपणी वैधव्य आलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, गाण्यात देव मात्र ठायीठायी. आणि त्याच गाण्यांत हात पाहणाऱ्या जोतिष्याला दारातूनच परत जावं लागतं.

तुम्ही म्हणाल, महाराज, मग योगायोगात देव नाहीच का? तसं कसं म्हणू! 1932 साल. सरकारनं सत्याग्रही धरून धुळ्याच्या तुरुंगात टाकले. त्यात विनोबा होते आणि अमळनेरचे साने गुरुजीही होते. 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा गीतेचा एकेक अध्याय सांगू लागले, 19 जूनला अठरावा झाला. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ते लिहून घेत गेले, म्हणून आज गीताप्रवचने तुमच्या-आमच्या घरात आहेत. सांगणारा आणि लिहिणारा एकाच तुरुंगात यावेत, ही सरकारची योजना तर नक्कीच नव्हती. मी तिथे पांडुरंगाचा हात मानतो. तुम्ही नुसता योगायोग म्हणालात तरी माझं भांडण नाही. माझ्या मानण्यानं कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. त्या सुनेच्या डोळ्यांत आलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी दहाव्याला गेलात आणि कावळ्यानं उशीर लावला, तर गुरुजींना दर्भाचं विचारा, आणि घरच्या सुनेला आधी सावलीत बसवा. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेली नसते ती.

बोला, रामकृष्ण हरी!