अंगरख्यावरील नाव
(चर्मकार बांधवांच्या भडगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



संत रोहिदासांच्या जयंतीनिमित्त भरलेल्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. उरलेले आयुष्य गिरणाकाठच्या खेड्यापाड्यांतील मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण आमच्याकडून करू नये. विषयही आम्ही निवडलेला नाही. तो आपण होऊन आपल्या दारी चालून आला.

घडले ते असे. याच मेळाव्याच्या तयारीसाठी भरलेल्या बैठकीस आपल्यातीलच एक तरुण, पुण्यास शिकणारा, काळा ढगळ सदरा घालून आला. हल्ली ज्यास टी-शर्ट म्हणतात तो. छातीवर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द छापलेला: 'चांभार'. पाठीवर रापी आणि आरी यांचे चित्र. चार मित्रांनी मिळून असे सदरे आणि पिशव्या विकण्याचा उद्योग आरंभिला आहे, आणि ज्या शब्दाने आजवर आपणांस खाली पाहावयास लावले तोच शब्द मान वर करून मिरवावयाचा, असा त्यांचा हेतू आहे, असे त्याने सांगितले.

त्या रात्री त्या सदऱ्याचे छायाचित्र आपल्या समाजाच्या मोबाइलवरील गटात फिरले. सकाळी आम्ही चहा घेऊन वाचावयास बसलो. चहा निवून गेला, तरी निषेधाचे संदेश संपेनात. कोणी त्यास समाजद्रोही म्हटले, कोणी त्याच्या आईबापांच्या संस्कारांची चौकशी केली, कोणी त्याचे शुल्क कोण भरते असे विचारले. ज्या गटात एरवी केवळ वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, तेथे एवढी जागृती पाहून आम्ही चकित झालो.

परंतु या सर्व गदारोळात एक आक्षेप असा होता की जो ऐकून आम्ही निरुत्तर झालो. आपल्यातील एक वयोवृद्ध नाना बैठकीतच त्या मुलास म्हणाले, "भाऊ, जे नाव पुसाले आमनी जिंदगी गयी, तेच नाव तू आंगवर लिसन उना?"

बंधूंनो, नानांचे म्हणणे खोटे नाही. आमचे आजोबा मोटा शिवीत. इंजिने आली, मोटा गेल्या आणि आमचे वडील वहाणांना तळ लावीत रस्त्याच्या कडेस बसू लागले. आम्ही चौथीत असताना एका गुरुजींनी वर्षभर आमचे नाव कधी हजेरीत घेतले नाही. ते जातीच्या नावानेच हाक मारीत आणि सारा वर्ग हसे. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो, तेव्हा हजेरी घेताना प्रत्येक मुलाचे नाव वडिलांच्या नावासह पूर्ण उच्चारण्याचा परिपाठ ठेवला, तो त्या वर्गातील हशामुळेच. 'चर्मकार' हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांनी पाटीवर, पत्रिकेवर लिहिण्यास घेतला तो हौसेने नव्हे. जुना शब्द ऐकताच कानशिले तापत, म्हणून.

तो मुलगा मात्र नम्रपणे पण स्पष्टपणे उत्तरला, "नाना, तहसील कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी आपण रांगेत उभे राहतो. त्या दाखल्यावर हाच शब्द आहे. तेथे चालतो, छातीवर का चालत नाही?" या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस तरी कठीण गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये एका खटल्यात असे म्हटले आहे की, अनुसूचित जातीच्या व्यक्तीस चारचौघांत अपमानाच्या हेतूने 'चमार' म्हणणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. येथे हेतू हा शब्द महत्त्वाचा. शब्द तोच, कोण उच्चारतो आणि कशासाठी, यावर तो शिवी की नाव हे ठरते.

ही कल्पना त्या मुलास कोठून सुचली, हेही आम्ही विचारले. मुंबईत 'चमार स्टुडिओ' नावाची एक लहानशी संस्था आहे. सुधीर राजभर नावाच्या चित्रकाराने ती २०१७-१८ च्या सुमारास काढली. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईंच्या हत्येस बंदी होतीच. २०१५ मध्ये ती बैल व वळू यांनाही लागू झाली. धारावीतील कातडीकाम करणाऱ्या कारागिरांचा कच्चा माल आटला, हात रिकामे झाले. राजभर यांनी या कारागिरांना बरोबर घेऊन टाकाऊ रबराचा पुनर्वापर करून पिशव्या शिवविल्या, आणि त्यांवर नाव घातले ते हेच. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील मायामी येथील प्रदर्शनात त्यांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या आणि रिहाना नामक जगप्रसिद्ध गायिका त्या खुर्चीवर बसल्याचे छायाचित्र सर्वत्र झळकले. आमच्या वडिलांना बसावयास गोणपाट होते. असो.

यावर आपल्यापैकी काहींनी म्हटले, की राजभर जन्माने चांभार नव्हेत. मग आपले नाव त्यांनी विकावे का? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु जन्मापेक्षा आम्हांस दुसरा प्रश्न मोठा वाटतो, आणि तो कोल्हापुरी वहाणेच्या उदाहरणाने उलगडतो.

कोल्हापुरी वहाणेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांचा तो हक्क. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या धनाढ्य संस्थेने मिलान शहरी आपल्या नव्या पोशाखांबरोबर हुबेहूब तशाच वहाणा मांडल्या. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचा उल्लेख नाही. वर्तमानपत्रांनी त्यांची किंमत लाखाच्या घरात छापली. देशभर टीकेचा भडिमार झाला, तेव्हा संस्थेने या वहाणांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपले संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकाचे महामंडळ यांच्याशी करार करून सुमारे २,००० जोड येथील कारागिरांकडून करवून घेण्याचे ठरविले. म्हणजे ओरड केली ती वाया गेली नाही. ती ओरड वहाणेच्या आकाराविरुद्ध नव्हती. ज्याच्या हातून वहाण उतरते तो हिशेबात नाही, याविरुद्ध होती.

तेव्हा आम्ही त्या मुलास घरी बोलाविले आणि एवढेच विचारले, "बाळ, हा सदरा कोणी शिवला?" तो म्हणाला, तयार माल तिरुपूरहून येतो. छपाई? पुण्यात. पिशव्या? त्याही एका कारखान्यात, यंत्रावर. "मग यात रापी धरणारा कोण?" यावर तो बराच वेळ बोलला नाही. पाठीवर रापीचे चित्र होते. रापी हाती धरणारा मनुष्य त्या साऱ्या उद्योगात कोठेच नव्हता. आमच्या मते त्याची चूक येथे आहे, शब्दात नाही. आणि गटातील शेकडो निषेधांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता, ही आपली चूक आहे.

त्यास बोल लावताना आम्हांस आमचीही एक गोष्ट आठवली, ती या व्यासपीठावरून सांगणे प्राप्त आहे. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी परिचयपत्रिका लिहिताना आजोबांच्या व्यवसायापुढे आम्ही 'व्यापार' असे लिहिले. ज्या हातांनी तालुकाभरच्या विहिरींवरील मोटा शिवल्या, त्या हातांस आम्ही स्वहस्ते व्यापारी करून टाकले. त्या मुलाने निदान खरा शब्द छापला.

पुढची हकिकत थोडक्यात. आपल्या तालुक्यात हाताने काम करणारे जे थोडे वृद्ध कारागीर उरले आहेत, त्यांपैकी एका बाबांकडे आम्ही त्या मुलास नेले. बाबांनी कुंडीत कातडे भिजत घातले, पिशवीचा एक पट्टा कापून शिवून दिला आणि मजुरी सांगितली चारशे रुपये. मुलाचा चेहरा उतरला. कारखान्यात अख्खी पिशवी त्याहून स्वस्त पडते म्हणाला. बाबा म्हणाले, "मग तठेच जाय, भाऊ." आम्ही बाबांची बाजू घेतली. घासाघीस झाली नाही. मुलाने चारशे रुपये दिले आणि दहा पिशव्यांची मागणी नोंदविली.

आता मंडळापुढे त्याच्या निषेधाचा ठराव आहे. नानांच्या भावनेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे; हा सदरा त्यांनी पाहावा, घालावा असा आमचा आग्रह नाही, आणि आम्ही स्वतः तो घालू असेही वाटत नाही. तरीपण या ठरावास आमचा विरोध आहे, तो कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा. त्याऐवजी मंडळाने त्या मुलाकडून एक अट लिहून घ्यावी: प्रत्येक वस्तूच्या आतील बाजूस ती शिवणाऱ्याचे संपूर्ण नाव असावे आणि त्यास किती मजुरी दिली हे मंडळास दर सहा महिन्यांनी दाखवावे. अट मोडल्यास ठराव पुन्हा आणावा. तेव्हा अनुमोदन आम्ही देऊ.

त्या दहांपैकी तीन पिशव्या तयार झाल्या आहेत. मंडपाच्या दाराशी, पाण्याच्या माठाशेजारी, टेबलावर ठेविल्या आहेत. एकीचा पट्टा किंचित वाकडा आहे. बाबांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. भोजनास जाताना आपण त्या हातात घेऊन पाहाव्यात, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.