पदक घ्यायला कोण जातं?

(सातारा जिल्ह्यातील एका महिला मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आपल्या जिल्ह्यात ज्याच्या वेशीवर फौजेतून रजेवर आलेला पोरगा दिसत नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंग्याच्या तर नावालाच मिलिटरी जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. त्यामुळे ‘मरणोत्तर’ हा शब्द इथे कुणाला समजावून द्यायला नको. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं.

राष्ट्रपती भवनातला शौर्यपदकांचा समारंभ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. नाव पुकारतात, बाई पुढे येते, हात जोडून उभी राहते. मग मानपत्र वाचतात. नवऱ्याला गोळी कशी लागली, तरी तो कसा पुढे गेला, हे सगळं सरकारी भाषेत, भरल्या सभागृहात, ती उभ्याने ऐकते. आपण तिचा चेहरा बघत असतो. रडली तर बिचारी, नाही रडली तर धीराची! दोन मिनिटांत ती खाली उतरते आणि आपण पुढचं नाव ऐकतो.

जाता जाता एक सांगते. परमवीर चक्र एका बाईने घडवलंय. सावित्रीबाई खानोलकर. जन्माने युरोपातल्या, खानोलकरांच्या घरात लग्न करून आल्या. इंद्राच्या वज्राची कल्पना त्यांची. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना, तेही मरणोत्तरच. १९५२ साली सावित्रीबाईंचे पती मेजर जनरल विक्रम खानोलकर वारले. म्हणजे पदकाचं चित्र काढणारी बाईही पुढे विधवाच झाली. शाळेच्या पुस्तकात आम्हाला हे कुणी शिकवलं नाही.

आता पदकामागचा नियम ऐका. पदकाबरोबर दरमहा भत्ता असतो. २०१७ मध्ये तो दुप्पट झाला, तेव्हा परमवीर चक्राला २०,००० रुपये आणि सेना पदकाला २,००० रुपये झाला. नोव्हेंबर २०१७ पर्यंत जवानानंतर हा भत्ता त्याच्या पत्नीला मिळायचा, पण ती मरेपर्यंत किंवा पुन्हा लग्न करेपर्यंत. लग्न केलं की बंद व्हायचा. याला एक अपवाद होता. तिने दिराशी लग्न केलं आणि त्याच घरात राहिली, तर भत्ता चालू!

हे मनूने लिहिलेलं नाही, बायांनो. संरक्षण मंत्रालयाच्या कागदावर होतं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ती दिराची अट काढली गेली. इतकी वर्षं सरकार तिला जणू सांगत होतं की पैसा हवा तर याच उंबऱ्याच्या आत राहा. पंजाब-हरियाणात करेवा म्हणतात, विधवेवर दिराची चादर घालायची. जमीन घरात राहते, बाईही घरात राहते. फौजेच्या नियमाने त्या चादरीवर शिक्का मारला होता.

अट गेली, पण मनातून गेली का? मी ज्या कामात आहे त्यात आलेली एक गोष्ट सांगते, नावगाव सांगत नाही. नवरा गेला तेव्हा सून पंचवीसची, कडेवर मुलगी. सेना पदक तिच्या हातात दिलं गेलं. वर्षभराने ती माहेरी आली. पदक सासूच्या कपाटात, किल्ली सासूच्या कमरेला. मी तावातावाने त्या घरी गेले. एम.एस.डब्ल्यू. झालेली, नियम तोंडपाठ. म्हटलं, “मावशी, कागदावर वारस ती आहे, पदक तिचं.”

मावशींनी मला चहा दिला. मग म्हणाल्या, “तिला पेन्शन मिळती, ती मिळूदे. तिनं दुसरं लगीन केलं तरी मी काय म्हणत न्हाई, पोरगी लहान हाय माझी. पर सायबानं मला विचारलं का, आई कुटं हाय म्हणून?”

मला उत्तर देता आलं नाही. समारंभाला सासूला नेलं होतं, पण मागच्या रांगेत बसवलं होतं. सुनेची बाजू घ्यायला गेलेली मी, सासूची बाजू ऐकायचीच विसरले होते. स्त्री-पुरुष समानतेच्या शिबिरात आपण सासूला फार लवकर गुन्हेगार ठरवतो, हे माझं मत आहे, तुम्ही भांडा माझ्याशी.

२०२४ च्या जुलैमध्ये हेच देशाने पाहिलं. सियाचीनच्या आगीत गेलेल्या कॅप्टन अंशुमान सिंह यांचं कीर्ती चक्र घ्यायला पत्नी आणि आई दोघी शेजारी उभ्या होत्या. किती चांगलं वाटलं होतं मला! काही दिवसांतच त्या मुलीच्या फोटोखाली कुणीतरी घाणेरडं लिहिलं, महिला आयोगाला पोलिसांकडे जावं लागलं. मग सासरच्यांनी वारसाचा नियम बदलण्याची मागणी केली आणि घरोघरी निवाडे सुरू झाले. ती दुसरं लग्न करणार का, पैसे घेऊन गेली का? त्या आईला म्हातारपणी काय लागेल, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. सरकारी कागदावर जवळच्या नातेवाइकाची एकच ओळ असते. लग्न झालं की तिथे आईबापांच्या जागी बायको येते. त्या एका ओळीवर दोन बायका एकमेकींसमोर उभ्या राहतात.

आपल्याच जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये गेले, शौर्य चक्र मिळालं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. त्यांचं कौतुक आहेच. पण आपली प्रत्येक सून लेफ्टनंट होणार नाही. कुणी शिवण घेईल, कुणी दुसरं घर करेल. त्यातली कुठलीही कमी वीरपत्नी नाही.

त्या मावशींकडे मी पुन्हा गेले, या वेळी सुनेला आणि नातीला घेऊन. दोघी दोन तास एकमेकींशी बोलल्या नाहीत. पदक अजून कपाटातच आहे. पण दिवाळीत नातीला ते हातात घ्यायला मिळालं.

ज्यांच्या घरातलं माणूस आत्ता ड्यूटीवर आहे, त्यांनी तो रजेवर आला की कागदावर कुणाकुणाची नावं आहेत ते विचारा. सुनेने विचारावं, सासूनेही विचारावं, आणि जमलं तर एकाच वेळी, त्याच्यासमोर बसून. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी मंगळवारी जाते. ज्यांना यायचंय त्यांनी चहा झाल्यावर माझ्याकडे नाव द्या. सासू-सुनेच्या जोड्या आधी घेईन.