कडी कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, मोरिवलीत एकट्या बाईच्या निवाऱ्याबद्दल बोलताना जुन्या गोव्यातला सांता मोनिका मठ आठवतो. १६०६ साली बांधायला घेतलेला हा ननांचा मठ आशियातल्या सर्वांत जुन्या मठांपैकी एक. १६३६ साली तो जळाला, पुन्हा उभा राहिला.

विधवांना, लग्न न केलेल्यांना तिथे जागा मिळे. पण देवाघरी जातानाही हुंडा लागे! पोर्तुगीज वंशाच्या वरच्या पायरीवर, स्थानिक बायका सेवेला. एकदा व्रत घेतलं की बाहेरची वाट बंद. १८३४ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ मोडले; शेवटची नन १८८५ साली वारली. आज तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.

निवारा आपल्याला हवाच. पण हुंडा, जात, वंश न विचारणारा. आणि कडी आतल्या बाईच्याच हाती असलेला.