आडनाव पूर्ण सांगा



पोलादपूरची आपली मुले मुंबई-पुण्याला शिकायला जातात. तिथे कोणी आडनाव विचारले की काहीजण अडखळतात, नुसते गावाचे नाव सांगून वेळ मारून नेतात. कॉलेजात मीही तेच केले. त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी माताभगिनींना जात ओळखू येईल असा पेहराव व दागिने टाकायला सांगितले. त्यांनी लुगडे नेसण्याची रीत बदलली. ते लपणे नव्हते. इतरांनी लादलेली खूण झुगारणे होते. आडनाव लपवताना मात्र ती खूण आपण मनात जपतो.

मित्रांनो, कपडे, बोलणे, राहणी खुशाल बदला. नाव पूर्ण सांगा.

जय भीम!